भावी शिक्षकांची डिजिटल साक्षरता: पीपीटीचा पाठ झाला, पुढे काय?

अध्यापनवाट

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, शालेय आंतरवासितेसाठी (शाळेतील प्रत्यक्ष सरावासाठी) २० आठवडे राखले गेले आणि माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या (आयसीटी) चिकित्सक आकलनाचा स्वतंत्र विषय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आला. त्यामुळे आज विषयही आहे, सरावासाठी शाळाही आहे, आणि बहुतेक छात्राध्यापकांच्या हातात स्मार्टफोनही आहे. तरीही दोन वर्षांनी बाहेर पडणारा शिक्षक डिजिटल साधनांबाबत विचारपूर्वक निर्णय घेऊ शकतो, असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून हा धागा काढला आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते आधी सांगते. ‘आयसीटीवर आधारित पाठ’ या नावाखाली छात्राध्यापक संगणकावर सादरीकरण (पीपीटी) तयार करतो, पाठ्यपुस्तकातील परिच्छेद त्यात उतरवतो, दोन-चार चित्रे शोधून चिकटवतो आणि वर्गात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. निरीक्षकाच्या तक्त्यात अक्षरांचा आकार, चित्रांची संख्या, रंगसंगती आणि वेळेचे नियोजन यांना गुण असतात. या घटकाला पडदा का लागला, चित्र कुणाचे आहे, त्यातील माहिती बरोबर आहे हे कसे ठरवले आणि पडदा नसता तर पाठ कसा घेतला असता, हे कुणी विचारत नाही. जे विचारले जात नाही ते शिकले जात नाही, हा अध्यापक शिक्षणातला जुना अनुभव आहे.

युनेस्कोने शिक्षकांच्या तंत्रज्ञानविषयक क्षमतांचा जो आराखडा तयार केला, त्याच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत सहा पैलूंमध्ये मिळून १८ क्षमता मांडल्या आहेत. धोरणाची समज, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन, अध्यापनशास्त्र, डिजिटल कौशल्यांचे उपयोजन, शाळेचे संघटन व प्रशासन आणि शिक्षकाचा स्वतःचा व्यावसायिक विकास, असे ते सहा पैलू आहेत. यंत्र चालवता येणे हा त्यांतील केवळ एक भाग आहे. आपल्याकडे मात्र त्या एका भागालाच संपूर्ण विषय समजले जाते, आणि त्या भागातसुद्धा आपण सादरीकरणाच्या पुढे फारसे जात नाही.

माझे म्हणणे असे आहे की, भावी शिक्षकाची डिजिटल साक्षरता त्याच्या निर्णयांतून तपासली गेली पाहिजे आणि हे निर्णय त्याच्या पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) लिखित स्वरूपात दिसले पाहिजेत. एक उदाहरण देते. पदार्थाच्या अवस्था शिकवताना कणांची हालचाल डोळ्यांना दिसत नाही. तापमान वाढवले की कण कसे वेगाने हलतात, हे कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील संगणकीय प्रतिकृतीत विद्यार्थ्याला स्वतः बदल करून पाहता येते. त्या प्रतिकृती विनामूल्य आहेत, त्यांतील अनेकांची मराठी भाषांतरे उपलब्ध आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर त्या इंटरनेटशिवायही चालतात. इथे पडद्याला कारण आहे. पण बीजाचे अंकुरण शिकवायचे असेल तर ओल्या फडक्यात बांधलेली मटकी वर्गातच ठेवून रोज पाहणे आणि त्याची नोंद करणे हे कोणत्याही चित्रफितीपेक्षा श्रेष्ठ आहे. ‘या पाठात मी पडदा वापरणार नाही, कारण...’ असे वाक्य टाचणात लिहिणाऱ्या छात्राध्यापकाला आयसीटीचे पूर्ण गुण मिळायला हवेत, असे मला मनापासून वाटते. सध्याच्या तक्त्यात त्याला शून्य मिळेल.

दुसरी गोष्ट पडताळणीची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी अशा ४५ जणांना संकेतस्थळांची विश्वसनीयता ठरवायला दिली होती. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी त्या पानावरच थांबून वाचत राहिले, आणि अधिकृत वाटणारी नावे व बोधचिन्हे पाहून अनेकदा फसले. तपासनिसांनी मात्र पान लगेच सोडले, नव्या खिडक्या उघडल्या आणि त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिले. त्यांचे निष्कर्ष अधिक अचूक होते आणि त्यांना वेळही कमी लागला. म्हणजे गाढा व्यासंगसुद्धा आपोआप ही सवय लावत नाही. ती वेगळी शिकवावी लागते.

ही सवय लावण्यासाठी परदेशी उदाहरणांची गरज नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत दर आठवड्याला एखादा ‘शासन निर्णय’ फिरत असतो. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे नमूद करून त्याचा संकेतांक दिलेला असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलेला असतो. तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत शोधणे, तारीख जुळवणे, आधीचा निर्णय अधिक्रमित झाला आहे का ते पाहणे, हा सराव मी तासाला घेते. यंत्राच्या दृष्टीने हे काम अतिशय सोपे आहे. परंतु आलेला कागद पुढे पाठवण्याआधी थांबावे, ही वृत्ती त्यातून तयार होते आणि पुढे हीच वृत्ती विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या माहितीबाबतही उपयोगी पडते.

अध्यापक विद्यालयांत आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत काम करणाऱ्यांनी, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी आणि सध्या शिकत असलेल्या छात्राध्यापकांनी आपापल्या ठिकाणचे अनुभव सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

पहिला तास

मॅडम, मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझी आंतरवासिता चालू आहे. आपण वर्णन केलेला पाठ मी हुबेहूब याच पद्धतीने दिला आहे, आणि माझ्या गटातील सर्वांनीही तसाच दिला आहे. आम्हाला दुसरा पाठ कसा असतो हे पाहायला मिळालेले नाही, ही यातली खरी अडचण आहे. आमचे प्राध्यापक स्वतः तंत्रज्ञानाचा विषय व्याख्यान पद्धतीने शिकवतात आणि टिपणे लिहून देतात. जे आम्ही विद्यार्थी म्हणून अनुभवलेले नाही, ते शिक्षक म्हणून आम्ही कुठून आणणार?

दुसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे, आणि ती या धाग्यात आली नाही तर चर्चा अपुरी राहील. आमच्या वर्गातील अनेक जण पाठ टाचणे आता चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, विद्यार्थी कृती, गृहपाठ, सर्व काही नेटक्या मराठीत तयार होऊन मिळते. ते टाचण तपासणाऱ्यालाही छान वाटते, कारण त्यात तक्त्याप्रमाणे सर्व रकाने भरलेले असतात. मात्र त्यात आमच्या वर्गातील मुले नसतात. गेल्या महिन्यात अपूर्णांकांच्या पाठासाठी मी असे टाचण घेतले आणि त्यातील उदाहरणे पिझ्झाच्या तुकड्यांची होती. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी ऊसतोडीचे काम आहे. मी ते बाजूला ठेवून भाकरीच्या चतकोराने सुरुवात केली आणि मुले लगेच बोलू लागली. हा फरक ओळखण्याचे शिक्षण आम्हाला कुणी द्यायचे? बंदी घातली तर आम्ही लपून वापरू, आणि मोकळीक दिली तर विचार करणे सोडून देऊ, अशी भीती मला स्वतःविषयीही वाटते.

गोदाकाठ

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत काम करतो. सेवेत येऊन फार वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे प्रशिक्षणात काय शिकलो आणि शाळेत काय लागले यातील अंतर अजून स्पष्ट आठवते.

शाळेतील माझ्या डिजिटल कामाचा मोठा हिस्सा अध्यापनाचा नाही. विद्यार्थ्यांची नोंद सरल या राज्याच्या आणि यू-डायस प्लस या केंद्राच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत करणे, आधारवरील नाव आणि दाखल-खारीज नोंदवहीतील नाव जुळवणे, शालेय पोषण आहाराची दैनंदिन माहिती भरणे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मिळवणे, हे सर्व त्यात येते. या कामांविषयी दोन वर्षांत एकही शब्द ऐकला नव्हता. वरवर पाहता हे कारकुनी वाटेल, पण एका मुलीच्या नावातील वेलांटी चुकली तर तिची शिष्यवृत्ती अडकते. त्यामुळे ही नोंद काळजीपूर्वक करता येणे हासुद्धा शिक्षकाच्या साक्षरतेचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. युनेस्कोच्या ज्या सहा पैलूंचा आपण उल्लेख केला, त्यातील संघटन आणि प्रशासनाचा पैलू आमच्या शाळेत रोज सकाळी साडेदहाला सुरू होतो.

आता साधनांविषयी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता. त्यानंतर स्मार्टफोन घरोघरी पोहोचले. ‘असर २०२४’ या शैक्षणिक स्थितीच्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के होती. माझ्या मते या आकड्यांमध्ये बी.एड.च्या अभ्यासक्रमासाठी स्पष्ट सूचना आहे. बहुतेक मुलांना फोन येतो, आणि त्यांच्या शिक्षकालाही येतो. मात्र फोन घेऊन अभ्यास कसा करायचा हे दोघांनाही कुणी शिकवलेले नाही. प्रशिक्षण संस्था अजूनही संगणक कक्ष, प्रक्षेपक आणि पांढरा पडदा गृहीत धरतात. माझ्याकडे आहे तो एक फोन, एक छोटा ध्वनिक्षेपक आणि अधूनमधून जाणारी वीज. एका फोनवर तीस मुलांचा तास कसा घ्यावा, हा पाठ मला कुणी शिकवला असता तर पहिले वर्ष सुकर झाले असते.

मी शोधून काढलेली एक रीत सांगतो. मुलांचे गट करतो. एक गट फोनवर एखादी छोटी ध्वनिफीत किंवा चित्रफीत पाहतो आणि तीन प्रश्न तयार करतो, बाकीचे गट वही, नकाशा आणि वस्तूंवर काम करतात, मग गट फिरतात. शेवटी प्रत्येक गट आपले प्रश्न इतरांना विचारतो. चित्रफिती आदल्या दिवशी घरून उतरवून आणतो. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून दीक्षा या शासकीय शैक्षणिक व्यासपीठावर जे साहित्य मिळते ते आधी स्वतः पाहतो, कारण त्यातील काही साहित्य उत्तम आहे आणि काही ठिकाणी केवळ पुस्तकाचे वाचन आहे.

जुना फळा

मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून अधिव्याख्याता म्हणून निवृत्त झालो. या चर्चेत एक जुना धागा जोडू इच्छितो, कारण आपण त्याच वाटेने पुन्हा जात आहोत अशी मला शंका येते.

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढे शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे शिक्षकांसाठीही संगणक अर्हता आवश्यक ठरली. त्या अभ्यासक्रमाने ग्रामीण भागातील लक्षावधी लोकांची संगणकाची भीती घालवली, हे त्याचे मोठे श्रेय आहे आणि ते दिले पाहिजे. पण शिक्षकांच्या बाबतीत ती अर्हता सेवाविषयक अट म्हणून आली. वर्गातील अध्यापनाशी तिचा संबंध कुणी जोडला नाही. प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदवले गेले आणि विषय तिथेच थांबला. नंतर २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षकांचे राष्ट्रीय प्रशिक्षण सुरू झाले, २०२० पासून ते दीक्षावर ऑनलाइन आले, आणि तिथेही घटक पूर्ण करून प्रमाणपत्र उतरवून घेण्याकडेच अनेकांचा कल राहिला. हा दोष शिक्षकांच्या आळशीपणाचा नाही. जे मोजले जाते तेच केले जाते, आणि आपण नेहमी पूर्णत्व मोजतो.

संकल्पनेच्या पातळीवर या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वर्षांपूर्वी दिले गेले आहे. ली शुलमन यांनी १९८६ साली असे मांडले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या संयोगातून शिक्षकाचे एक खास ज्ञान तयार होते; गणितज्ञाला अपूर्णांक कळतात, पण मुलांना अपूर्णांक समजताना नेमके कुठे अडते हे शिक्षकाला कळते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली आणि ही तिन्ही ज्ञाने एकत्र येतात तिथेच तंत्रज्ञानाचा अर्थपूर्ण वापर होतो असे सांगितले. ही मांडणी आपल्या बी.एड.च्या अनेक पुस्तकांत एकमेकांना छेदणाऱ्या तीन वर्तुळांच्या आकृतीसह छापलेली असते आणि परीक्षेत टीप म्हणून विचारली जाते. तिचा परिणाम मात्र वेळापत्रकावर झालेला नाही. तंत्रज्ञानाचा विषय एका प्राध्यापकाकडे, गणिताची अध्यापन पद्धती दुसऱ्याकडे, आणि दोघे एकत्र बसून एकही पाठ आखत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे गुण पद्धतीच्या प्राध्यापकाने आणि तंत्रज्ञानाच्या प्राध्यापकाने एकत्रितपणे द्यावेत. यासाठी नवा निधी किंवा नवी यंत्रे लागत नाहीत. प्राचार्यांची इच्छा मात्र लागते.

‘पहिला तास’ यांनी उपस्थित केलेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छात्राध्यापक आपल्या प्राध्यापकांसारखे शिकवतात, प्राध्यापकांनी सांगितल्यासारखे नाही. त्यामुळे अध्यापक-प्रशिक्षकांचे शिक्षण बाजूला ठेवून केलेली कोणतीही योजना वरवरची ठरेल.

अध्यापनवाट

‘जुना फळा’ सर, संयुक्त मूल्यमापनाची आपली सूचना मी आमच्या विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. त्यातील एक अडथळा आताच दिसतो. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत प्रत्येक प्रात्यक्षिकासाठी एकाच परीक्षकाची स्वाक्षरी लागते. त्यावर तोडगा असा निघू शकतो की, टाचणाच्या मंजुरीवर दोघांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात आणि गुण एकाने भरावेत. पाठ प्रत्यक्ष देण्यापूर्वी होणारी चर्चा हाच शिकण्याचा खरा क्षण असतो, त्यामुळे दोघांची उपस्थिती तिथे असणे अधिक हिताचे आहे.

‘पहिला तास’, तुमची भाकरीची हकिगत मी माझ्या वर्गात जरूर सांगेन. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी १५ क्षमतांचा स्वतंत्र आराखडा प्रसिद्ध केला आहे आणि त्यात मानवकेंद्री दृष्टी व नैतिकता यांना तंत्राच्या आधी स्थान दिले आहे. वर्गात मी सध्या असा प्रयोग करते. छात्राध्यापकाने यंत्राकडून आलेले टाचण आणि त्यात स्वतः केलेले बदल, दोन्ही सादर करायचे. प्रत्येक बदलासमोर समासात कारण लिहायचे, मग ते भाषेचे असो, मुलांच्या पूर्वज्ञानाचे असो, पाठ्यपुस्तकाच्या आशयाशी विसंगतीचे असो किंवा तथ्याच्या चुकीचे. गुण समासातील कारणांना मिळतात. जो एकही बदल सुचवत नाही, त्याला मी तो घटक मुलांसमोर शिकवून पाहायला सांगते. त्यानंतर कारणे आपोआप सुचतात. लपूनछपून वापर करण्याचे कारणही यामुळे उरत नाही.

कळफलक

मी शिक्षक नाही. संगणकीय साहित्य सर्वांना वापरता यावे, विशेषतः दृष्टिबाधित व्यक्तींना, यासाठी पुण्यात काम करतो. चर्चेत मराठी टंकलेखनाचा मुद्दा अजून आलेला नाही, आणि तो किरकोळ नाही.

अनेक शिक्षणसंस्थांमध्ये प्रश्नपत्रिका, टिपणे आणि टाचणांचे नमुने अजूनही युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची जागतिक संगणकीय प्रमाणपद्धती येण्याआधीच्या) फाँटमध्ये टंकलेले असतात. त्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात रोमन अक्षरे. केवळ दिसताना ती देवनागरी दिसतात. त्यामुळे ती फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात, मजकुरात शब्द शोधता येत नाही, आणि पडदा वाचून दाखवणारी प्रणाली त्यातून काहीही वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक वाचून दाखवतो, आणि संगणकावर एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणालीही वाचते. म्हणजे वर्गात एखादा दृष्टिबाधित विद्यार्थी असेल, तर शिक्षकाने टिपण कोणत्या पद्धतीने टंकले यावर तो ते स्वतंत्रपणे वाचू शकेल की नाही हे ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची जबाबदारी स्पष्ट आहे. ती प्रत्यक्षात कळफलकापासून सुरू होते.

वहीच्या पानाचा फोटो काढून गटावर टाकण्याची पद्धत महामारीच्या काळात रूढ झाली आणि टिकली. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य आहे. आता मात्र भावी शिक्षकाला तोच मजकूर फोनवर बोलून किंवा टंकून युनिकोडमध्ये देता आला पाहिजे, आणि चित्र टाकल्यास त्याखाली दोन ओळींचे वर्णन लिहिता आले पाहिजे. माझी एक सूचना आहे. छात्राध्यापकांनी स्वतःच्या टिपणाची फाइल डोळे मिटून टॉकबॅकवर ऐकावी. शीर्षक कुठे आहे, तक्ता कसा ऐकू येतो, चित्राच्या जागी काय बोलले जाते, हे एकदा ऐकले की मांडणीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इनस्क्रिप्ट कळफलकही शिकवावा असे मी म्हणेन. भारतीय भाषांसाठी तो प्रमाण आहे, आणि त्यावर हात बसला की रोमन लिपीतून मराठी लिहिण्याची सवय सुटते. जोडाक्षरे कशी बनतात, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या कशा साठवल्या जातात, याची समज भाषेच्या शिक्षकाला तर अत्यावश्यक आहे. ‘गोदाकाठ’ यांनी सांगितलेली नावातील वेलांटीची अडचण काही प्रमाणात इथूनच उगम पावते.

दूरस्थ किनारा

कामानिमित्त कुटुंबासह एर्नाकुलममध्ये राहतो. केरळचा उल्लेख तुलनेसाठी करतो, कुणाला कमी लेखण्यासाठी नाही. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, आणि २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. या दीर्घ प्रवासात दोन गोष्टी सातत्याने टिकल्या. शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला गेला, आणि प्रशिक्षण देणारे लोक मुख्यतः शिक्षकांमधूनच घेतले गेले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळांत उभे राहिले, जे शाळेतील साधनांची काळजी घेण्यात शिक्षकांना हातभार लावतात. शिक्षकाने प्रत्येक तांत्रिक अडचण स्वतःच सोडवली पाहिजे, हे ओझे त्यामुळे कमी होते. महाराष्ट्रातील छात्राध्यापकांना आंतरवासितेत असा एखादा विद्यार्थी गट उभा करण्याचे काम देता येईल का, याचा विचार व्हावा.

गोदाकाठ

‘दूरस्थ किनारा’ यांची सूचना आमच्या शाळेत चालेल. सातवीची दोन मुले माझ्या ध्वनिक्षेपकाची जोडणी माझ्यापेक्षा चांगली करतात.

एक विषय राहिला आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. माझ्या फोनमध्ये मुलांच्या आधार कार्डांची छायाचित्रे, पालकांचे बँक तपशील, जातीचे दाखले आणि वर्गातील असंख्य फोटो आहेत. कारण माहिती मागणारा संदेश बहुधा दुपारी येतो आणि ती संध्याकाळपर्यंत गटावर हवी असते. त्या गटात कोण कोण आहे हेही पाठवणाऱ्याला नेहमी ठाऊक नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती मूल ठरते, आणि मुलाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हे मूळ तत्त्व आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ७४ व्या कलमाने काही परिस्थितींतील मुलांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. यातील काहीही आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले नाही. उलट, उपक्रमाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणारा शिक्षक उपक्रमशील, अशी समजूत तिथेच तयार झाली.

तंत्रज्ञानातून उत्तम काम उभे करणारे शिक्षक आपल्या राज्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे काम केले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. अशा उदाहरणांतून छात्राध्यापकांनी प्रेरणा घ्यावी, हे योग्यच आहे. पण प्रेरणेबरोबरच, मुलाचा चेहरा न दाखवता त्याचे काम कसे दाखवावे, संमतीपत्र साध्या मराठीत कसे लिहावे, काम झाल्यावर फोनमधील कागदपत्रे केव्हा आणि कशी काढून टाकावीत, हेही शिकवले पाहिजे. मी आता मुलांच्या वह्यांचे, चित्रांचे आणि त्यांच्या हातांचे फोटो काढतो. चेहऱ्यांचे काढत नाही. पालकसभेत याचे कारण सांगितले तेव्हा मातांनी सर्वांत आधी पाठिंबा दिला.

पहिला तास

‘गोदाकाठ’ सर, आमच्या आंतरवासितेच्या अहवालात प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र जोडणे सक्तीचे आहे आणि त्यात विद्यार्थी स्पष्ट दिसले पाहिजेत, अशी तोंडी सूचना आहे. पालकांची संमती घेण्याविषयी कुणी बोललेले नाही. अहवालाच्या मुद्रित प्रती महाविद्यालयात राहतात, पण त्याच फाइली पुढच्या तुकडीला नमुना म्हणून पाठवल्या जातात. आम्ही स्वतःहून हे बदलू शकतो का?

अध्यापनवाट

हो, बदलू शकता. छायाचित्रांऐवजी विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने, फळ्याचे फोटो आणि मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीचा दाखला जोडण्याची परवानगी प्राचार्यांकडे लेखी मागा, आणि गटातील सर्वांनी मिळून मागा. आमच्याकडे या वर्षीपासून मी संमतीपत्राचा नमुना आंतरवासितेच्या पहिल्या आठवड्यातच देणार आहे. तो एका पानाचा असेल. कोणता फोटो, कशासाठी, कुठे ठेवणार, केव्हा काढून टाकणार आणि नकार दिल्यास मुलाचे काहीही नुकसान होणार नाही, एवढ्याच गोष्टी त्यात असतील. पालकांना वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवण्याची जबाबदारी छात्राध्यापकाची राहील.

आतापर्यंतच्या चर्चेवरून आमच्या निरीक्षण तक्त्यात करावयाचे बदलही मी लिहून काढले आहेत. चित्रांची संख्या आणि रंगसंगतीचे रकाने काढून टाकायचे. त्या जागी, या घटकाला हे साधन का निवडले किंवा का टाळले याचे कारण, माहितीची पडताळणी कशी केली याची नोंद, वीज किंवा इंटरनेट नसल्यास पर्यायी योजना, आणि मजकूर युनिकोडमध्ये व ऐकून समजेल असा आहे का, हे रकाने घालायचे. ‘जुना फळा’ सरांच्या सूचनेनुसार टाचणावर पद्धतीच्या प्राध्यापकांची दुसरी स्वाक्षरी असेल. शिवाय आंतरवासितेतील किमान एक पाठ एकाच फोनवर, गट फिरवून घ्यायचा, आणि तो ‘गोदाकाठ’ सरांनी वर्णन केलेल्या परिस्थितीतच घ्यायचा.

तक्त्याचा मसुदा रविवारपर्यंत इथे टाकते. ‘कळफलक’, तुम्ही तो टॉकबॅकवर ऐकून त्रुटी कळवाल का? आणि यू-डायसच्या नोंदीचा सराव खऱ्या मुलांची माहिती न वापरता कसा घ्यावा, यासाठी काल्पनिक नावांची एक दाखल-खारीज नोंदवही तयार करावी लागेल. तिच्यात सर्वसाधारणपणे होणाऱ्या चुका मुद्दाम पेरायच्या आहेत. त्यासाठी सेवेतील शिक्षकांनी आपल्याला आढळलेल्या चुका खाली लिहाव्यात.

गोदाकाठ

सुरुवात करतो. आधारवर आडनाव आधी आणि नोंदवहीत नाव आधी. वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचे नाव. जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल. भावंडांपैकी धाकट्याच्या नोंदीत थोरल्याचा आधार क्रमांक. स्थलांतरित कुटुंबातील मुलाची एकाच वर्षी दोन शाळांत नोंद. यातील शेवटची चूक आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात दरवर्षी होते, आणि ती दुरुस्त करायला दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक एकाच वेळी उपलब्ध असावे लागतात. ती नोंदवहीत नक्की घ्या.